सोनिकाचा डावा कौल

आमच्या दौलतगंजात समोरासमोरच्या घरांमध्ये अंतर इतकंच, की समोरच्याकडे कुकरची शिट्टी झाली की आपण आपला गॅस बंद करायला उठतो. त्यामुळे समोरच्या शिर्क्यांची सोनिका मी तिच्या बारशापासून पाहत आले आहे, आणि पाहायची इच्छा नव्हती तेही पाहिलं आहे.

शिर्के म्हणजे मराठ्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे हिंदी मुलखात आलेलं घराणं. बैठकीत पगडीवाल्या पूर्वजाची तसबीर आहे, तिच्याखाली काचेच्या पेटीत तलवार आहे, आणि त्या पेटीवर गिऱ्हाइकाने परत केलेला इन्व्हर्टर आहे, कारण तलवारीवर आता कोणाचं पोट भरत नाही. सोनिकाचा बाप हेमेंद्र इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान चालवतो. घरात मात्र आईबापांना अजून आईसाहेब, आबासाहेब. वीज गेली की सोनिकाची हाक ऐकू येते, "आबासाहेब, लाइट चली गई!" आणि ज्याचं इन्व्हर्टरचं दुकान त्याच्याच घरात मेणबत्तीची शोधाशोध सुरू होते.

आमचे पूर्वज तोफांसमोर उभे राहिले, असं हेमेंद्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. राहिले असतील. जे पळाले त्यांच्या तसबिरी कोणी लावत नाही. पण त्यांची ही पोर बारावीच्या फिजिक्सच्या पेपरासमोर उभी राहायला तयार होईना, आणि तिला घाबरवायचं काम कोणा शत्रूने नव्हे, घरच्यांनीच मन लावून केलं होतं. ते कसं, ते सांगते.

आधी ही पोर मुळात कशी होती ते ऐका. चौथीत असेल तेव्हाची गोष्ट. गल्लीतल्या एका भुऱ्या कुत्र्याने कचऱ्यातल्या प्लास्टिकच्या बरणीत तोंड घातलं आणि त्याचं डोकं आत अडकून बसलं. ते बिचारं आंधळ्यासारखं भिंतींवर आपटत फिरायला लागलं. पुरुषमंडळी गोळा झाली आणि सगळ्यांनी खिशातून मोबाइल काढले. फोन लावायला नव्हे, व्हिडिओ काढायला. "अरे, कोई नगर निगम को बुलाओ," असं पहिला दुसऱ्याला म्हणत होता, दुसरा तिसऱ्याला. तेवढ्यात सोनिका शाळेतून आली. दप्तर माझ्या ओट्यावर फेकलं, कुत्र्याला भिंतीशी गाठलं, त्याची मान काखेत धरली आणि बरणी फिरवून फिरवून ओढून काढली. मोकळं होताच कुत्र्याने पहिलं काम काय केलं असेल, तर तिच्याच हाताला कडकडून चावा घेतला. रक्त आलं, इंजेक्शनं झाली, शालिनीने, म्हणजे तिच्या आईने, गल्ली डोक्यावर घेतली. मी विचारलं, "दुखतंय का गं?" तर म्हणाली, "आजी, त्याचा कान पण कटलेला आहे. हळद लावू का?"

तेव्हापासून तिचं ठरलं होतं, जनावरांची डॉक्टर व्हायचं. गल्लीतली कुत्री, गवळ्याची म्हैस, माझी मांजर, कोणाचं काही दुखलं-खुपलं की ही हजर. अकरावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेतली ती एवढ्यासाठीच. हे लक्षात असू द्या, कारण पुढे घरातले सगळे हे विसरले, आणि काही काळ ती स्वतःसुद्धा.

आता कौलाकडे येते. शिर्क्यांच्या देव्हाऱ्यात भवानीचा चांदीचा टाक आहे, आणि त्यांच्यात देवीला कौल लावायची चाल आहे. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून टाकाला चिकटवायच्या, एक देवीच्या उजव्या बाजूला, एक डाव्या. प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. पूर्वी लग्न, जमीन, दूरचा प्रवास असल्या गोष्टींना कौल लागायचा. म्हणजे वर्ष-दोन वर्षांत एखादा. देवीलाही जरा उसंत मिळायची.

सोनिकाच्या दहावीला शालिनीने कौल लावला. उजवी पडली. पोरीला उत्तम मार्क मिळाले. झालं. शालिनी सराफा बाजारात कानातलं दुरुस्त करायला गेली तरी सोनाराला सांगायची, "आमच्या देवीने आधीच हो म्हटलं होतं." पोरीने वर्षभर मान मोडून अभ्यास केला आणि श्रेय गेलं झेंडूच्या पाकळीला. आता जिचं यश पाकळीने आणलं तिचं अपयशही पाकळीच आणणार, हा हिशेब त्या पोरीला न शिकवता जमला. हुशार होती ना.

बारावीच्या सहामाहीत फिजिक्सचा पेपर बिघडला. कोणाचा ना कोणाचा बिघडतोच. पण सोनिकाने तो मनाला लावून घेतला. पोटात दुखायला लागलं. तेच पान सकाळी वाचायची, तेच संध्याकाळी, आणि म्हणायची काही आठवत नाही. नखं कुरतडून बोटं लाल केली. गल्लीत येणं बंद. भुरा आता म्हातारा झाला होता, तो तिच्या दाराशी येऊन बसायचा आणि उपाशी परत जायचा. मला त्याचा राग आला होता, म्हणजे कुत्र्याचा नव्हे.

"आजी, पेपर हातात आला ना, की सगळं ब्लँक होणार," ती म्हणायची.

"झालं का?"

"नाही, पण होगा ना."

"ज्योतिष कधी शिकलीस?"

"तुम्ही समजत नाही, आजी. फिजिक्स गेलं की पर्सेंटेज गेलं, मग एंट्रन्स गेलं, मग सगळे हसणार, आबासाहेब माझ्याशी बोलणार नाहीत, मग लाइफ खतम."

एका दमात एवढा लांबचा पल्ला गाठणारी पोर अभ्यासात मात्र एक पान पुढे जात नव्हती. या वयाच्या पोरांचं हे मला समजत नाही, असं म्हणणार होते, पण समजतं. पुढचं सगळं वाईट त्यांना अगदी बारकाव्यानिशी दिसतं. हसणाऱ्या लोकांचे दातसुद्धा दिसतात. चांगलं काही होईल म्हटलं की तिथे धुकं. आणि आईबाप धुकं घालवायचं सोडून त्यात आणखी धूर करतात.

हेमेंद्रने केलेला धूर आधी सांगते. त्याला कोणीतरी सांगितलं, मुलीत निगेटिव्हिटी भरली आहे, ती काढावी लागेल. जशी काही बॅटरीतलं पाणी आहे. इंदूरहून एक तरणा वक्ता आला होता, कानाला माइक, पायात पांढरे बूट. एका हॉटेलच्या हॉलमध्ये त्याचं शिबिर होतं, आणि मीही गेले, कारण शालिनीचं डोकं दुखत होतं आणि जागा फुकट जाऊ नये असं हेमेंद्रला वाटलं. दोनशे-तीनशे पोरं उभी करून हा गृहस्थ ओरडायला लावत होता, "मैं कर सकता हूँ!" पोरं ओरडत होती. माझ्या शेजारचा एक मुलगा ओरडता ओरडता रडत होता, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मग वक्ता म्हणाला, विचार म्हणजे चुंबक. जो सोचोगे, वही होगा. मनात वाईट आणलं की वाईट ओढून घेतलंच म्हणून समजा. आणि उपाय म्हणून प्रत्येकाला रबर बँडचं एक पाकीट वाटलं. एक रबर बँड मनगटात घालायचा, वाईट विचार आला की ओढून फटकन सोडायचा. विचार पळून जाईल.

मला वाटलं उठून विचारावं, बाळा, तुझ्या मनात कधी वाईट विचार येतच नाहीत का, आणि येत नसतील तर तुला मेंदूच्या डॉक्टरकडे कोणी नेलं आहे का? पण टाळ्यांचा इतका गोंगाट होता की माझा आवाज मलाच ऐकू आला नसता.

परतताना हेमेंद्र खूश. "काकू, काय एनर्जी होती ना?"

"होती. तुझ्या दुकानात विकायला ठेव."

सोनिका स्कूटरवर माझ्या मागे बसून रबर बँड ओढत होती. घरी पोचेपर्यंत मनगटावर वळ उठले होते.

शालिनीने केलेला धूर याहून जुन्या पद्धतीचा. पोरीची चिंता बघून ती कौल लावायला लागली. आधी आठवड्याने, मग रोज. आज ट्यूशनला पाठवू का? रात्री जागू देऊ का? आणि पुढे तर पोरच देवीसमोर बसायला लागली. मला हे कळलं ते असं. थंडीत आमच्या गच्चीवर ऊन चांगलं येतं, तेव्हा मी तिला म्हटलं, खोलीत कुढत बसण्यापेक्षा पुस्तक घेऊन वर ये. ती आली. मी तिळगुळाची गजक फोडत बसले होते. बघते तर फिजिक्सच्या पुस्तकाचे दोन-तीन जाड भाग रबर बँड लावून बंद केलेले.

"हे काय?"

"ते नाही करायचे."

"अभ्यासक्रमातून काढले?"

"नाही..." मग मान खाली. "कौल डावा आला होता. ऑप्टिक्सला पण, आणि मॅग्नेटिझमला पण. आईसाहेब म्हणाल्या, देवी म्हणते तर सोडून दे, पेपरात चॉइस असते."

माझ्या हातातली गजक हातातच राहिली. मी देव मानते, सकाळी दिवा लावल्याशिवाय चहा घेत नाही. पण एवढी मोठी भवानी, तिला बसवून फिजिक्सचे महत्त्वाचे प्रश्न काढून घ्यायचे! तिने महिषासुर मारला, तिला भिंगाचं काय पडलंय? आणि मजा बघा, धडे बंद करायला वापरले ते रबर बँड त्या इंदूरच्या पाकिटातलेच. वडिलांचा उपाय मनगटावर, आईचा उपाय पुस्तकावर, आणि मध्ये पोर. दोघांनाही वाटत होतं आपण मुलीसाठी किती करतो आहोत.

मी शालिनीला बोलले. तिने पदर डोळ्यांना लावला. "काकू, तुम्ही शिकलेल्या. आम्हाला आमच्या देवीचाच आधार." शिकलेल्या या शब्दाचा काही घरांत शिवीसारखा उपयोग होतो. मी उठून आले.

फिजिक्सचाच पेपर पहिला होता. आदल्या संध्याकाळी हेमेंद्र माझ्या दारात. चेहरा उतरलेला.

"काकू, जरा चला ना. सोनिका म्हणते आहे पेपरला जाणारच नाही."

"का?"

"कौल डावा पडला."

"कोणी लावला?"

"शालिनीने. म्हटलं, पोरीला जरा धीर येईल."

"आणि उजवा पडेल याची तुम्हाला खात्री होती?"

"दहावीला पडला होता ना, काकू."

हा माणूस लोकांना वॉरंटी देतो.

मी गेले. शालिनी देव्हाऱ्यापुढे बसली होती. "पुन्हा लावावा का हो, काकू? पण एकाच प्रश्नाला दोनदा लावला तर देवी कोपते असं सासूबाई म्हणायच्या." सोनिका आतल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुपारपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मनगटावरचा रबर बँड ओढत होती आणि सोडत होती, फट्, फट्. मी आधी तो काढून खिडकीतून बाहेर टाकला.

"तुला पेपरला जायचंय की नाही? देवीला नाही विचारत, तुला विचारते आहे."

"जायचं तर आहे, आजी. पर क्या फायदा? देवीने नाही म्हटलं. माझं मन पण नाहीच म्हणतंय. सर म्हणाले होते ना, मन में जो आएगा वही होगा. आणि माझ्या मनात तर येतच राहतं. मी रोकू नाही शकत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ही आता पेपराला भीतच नव्हती. स्वतःच्या डोक्याला भीत होती. तिला कोणीतरी पटवून दिलं होतं, की आपल्या डोक्यात जे येतं ते जगात घडतं. आणि डोक्यात येणं काही तिच्या हातात नव्हतं. कोणाच्याच नसतं. घरातल्या सुनेच्या, सासूच्या, त्या वक्त्याच्या, कोणाच्याच नाही. माझ्या मनात त्या क्षणी हेमेंद्रबद्दल काय येत होतं ते घडलं असतं तर शिर्क्यांचं घराणं तिथेच संपलं असतं.

हेमेंद्र दारातून म्हणाला, "काकू, मी विचार करतो, एक साल ड्रॉप घेऊ. काय?"

"आणि पुढच्या वर्षी काय पाकळी शिकून येणार आहे?"

"पण काकू, तिची हालत तर बघा..."

"बघते आहे. ऊठ गं. देव्हाऱ्यापाशी चल."

मी हातपाय धुतले. शालिनीला म्हटलं, दोन पाकळ्या दे. तिला वाटलं शिकलेली बाई अखेर वळणावर आली. लगबगीने ताज्या झेंडूच्या काढून दिल्या. मी भिजवून टाकाला लावल्या. सोनिकाला शेजारी बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "भवानी आई, समोरच्या घरातली ही इंदुमती उद्या सकाळचा चहा प्यायला जिवंत असेल का?"

शालिनीने कानांवर हात ठेवले. हेमेंद्र म्हणाला, "काकू, ये क्या..." आणि डावी पाकळी ताम्हनात पडली.

"बाई गं!" शालिनी किंचाळली. "काकू, काय हे अभद्र! संध्याकाळची वेळ, घरात दिवा लावलेला!"

"अभद्र मी विचारलं. उत्तर तुझ्या देवीने दिलं."

"काकू, डॉक्टरला दाखवून घ्यायचं का?" हा हेमेंद्र. खरोखर काळजीने विचारत होता.

सोनिका पांढरीफटक पडली होती. मी तिचा चेहरा माझ्याकडे वळवला. "ऐक. उद्या सकाळी मी मेलेली सापडले तर देवी खरी. घरी बस, पेपर देऊ नको, वाटल्यास आयुष्यभर देऊ नको. मी जिवंत असले तर तू जायचं. पेपर कसा जाईल हे मी विचारत नाही. फक्त जायचं. कबूल?"

उत्तराची वाट न बघता मी घरी आले, पिठलं-भात खाल्ला आणि झोपले.

लोक म्हणतील, कोवळ्या पोरीशी हे असं वागतात? मग कोवळ्या पोरीशी कसं वागतात ते त्या घरात सहामाहीपासून बघितलंच की मी.

सकाळी दाराची कडी अशी वाजत होती, की शेजारच्या विमलने वरच्या मजल्यावरून डोकावून विचारलं, "कौन मर गया?" मी दार उघडलं. सोनिका. घरातल्या कपड्यांत, पायात चप्पल नाही, डोळे सुजलेले. जी पोर महिनाभर उंबऱ्याबाहेर पडली नव्हती, ती गल्ली ओलांडून अनवाणी आली होती.

माझ्याकडे बघत राहिली. मग माझा दंड चाचपला.

"आहे," मी म्हटलं. "चहा घेशील?"

आणि मग तिला जो संताप आला! मी त्या पोरीला एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तुम्हाला शरम नाही वाटत, आजी? मी रात्रभर खिडकीतून तुमचं दार बघत होते! मला वाटलं माझ्यामुळे... माझ्या मनात सारखं येत होतं की तुम्ही मेलात, मी कितीदा म्हटलं नको नको, तरी येतच होतं!"

"मनात आलं ना?"

"हो!"

"कितीदा?"

"हजार बार!"

"देवीनेही सांगितलं होतं."

"हो!"

"आणि मी?"

तिने माझा दंड पुन्हा चाचपला. आतून चहा उतू गेल्याचा वास आला म्हणून मी स्वयंपाकघरात पळाले. ती मागोमाग आली, ओट्याला टेकून उभी राहिली. चिडलेलीच होती, पण पोट धरलेलं नव्हतं.

"आजी, पण मला आत्तासुद्धा वाटतंय की मी फेल होणार."

"वाटू दे."

"म्हणजे?"

"वाटतंय तर वाटू दे. ते बसलंय बाहेर, त्याला बसू दे. तू केस विंचर." मी चहा गाळला. "भुऱ्याचं डोकं बरणीत अडकलं होतं, आठवतं? तेव्हा मनात काय आलं होतं तुझ्या? आपण शूर आहोत, आपण करू शकतो, असं काही?"

तिने विचार केला. खरंच विचार केला, आठवून बघितलं.

"नाही. मला वाटलं, हा चावणार."

"आणि?"

"आणि चावलाच की!" मनगटाच्या वरची ती जुनी पांढरी खूण तिने माझ्यापुढे धरली, जशी काही मी विसरले होते.

"मग बरणी का काढलीस, चावणार हे माहीत होतं तर?"

"मग काय, आजी. बरणी तर काढायचीच होती ना."

बोलून झाल्यावर ती त्या खुणेकडेच बघायला लागली. मी गाळणं धुवायला घेतलं. अशा वेळी म्हातारी माणसं एखादं बोधवाक्य सोडतात आणि सगळ्याचा विचका करतात. मी तिला बिस्किटांचा डबा दिला. तिने उभ्याउभ्या चार-पाच बिस्किटं चहात बुडवून खाल्ली आणि घरी गेली.

थोड्या वेळाने हेमेंद्रची स्कूटर निघाली. मागे सोनिका, युनिफॉर्म घातलेली, वेणी वाकडी. शालिनी दारात दही-साखरेची वाटी घेऊन उभी होती. सोनिकाने एक चमचा घेतला, त्यात काही वाईट नाही. स्कूटर माझ्या दाराशी आली तेव्हा म्हणाली, "आजी, खूप भीती वाटते आहे."

"वाटणारच. पेन घेतलंस?"

"घेतलं."

"मग जा."

दुपारी आली ती सरळ माझ्याकडे. चपला काढल्या आणि आडवी झाली. "बिगड गया, आजी. ऑप्टिक्सचे सगळे प्रश्न आले होते. चॉइसमध्ये पण दोन्हीकडे तेच. मी तर आकृतीच काढली नुसती, ती पण उलटी असेल."

"ब्लँक झालं?"

"झालं ना. सुरुवातीला पूर्ण. एक फॉर्म्युला आठवेना." तिने उशी डोक्याखाली ओढली. "मग मी बसून राहिले. वाईट-वाईट येत राहिलं. मग जे येत होतं ते लिहायला लागले, दुसरं काय करणार."

हे ऐकून मला त्या वक्त्याला पत्र लिहावंसं वाटलं, पण पत्ता नव्हता आणि पांढऱ्या बुटांना वाचता येत असेल याची खात्रीही नव्हती.

मेमध्ये निकाल लागला. बायोलॉजीत पोरगी चमकली, केमिस्ट्री बरी, फिजिक्समध्ये साठाच्या जरा वर. शिर्क्यांच्या बैठकीत थोडा वेळ दुखवटा पाळला गेला. मग लोक पेढे मागायला यायला लागले तेव्हा दोघांना आठवलं, की मुलगी पास झाली आहे. हेमेंद्र आता सांगत फिरतो, शिबिराचा फार फायदा झाला, पैसे वसूल. आणि शालिनी सांगते की त्या दिवशी पहाटे तिने गुपचूप पुन्हा कौल लावला होता आणि उजवी पडली होती. म्हणूनच पोर गेली. सासूबाईंची ती कोपायची गोष्ट पहाटे लागू नसावी. मी दोघांचंही ऐकून घेते. आता या वयात मी कोणाचं श्रेय हिसकावायला जात नाही, आणि गेले तरी ती देवीकडून काढून घेऊन मला देणार नाहीत.

सोनिकाने मात्र मला एकदा विचारलं, "आजी, त्या दिवशी उजवी पडली असती तर?"

"तर दुसरं काहीतरी विचारलं असतं. डावी पडेपर्यंत विचारत राहिले असते."

"म्हणजे चीटिंग!"

"तुझी आई काय वेगळं करते?"

ती हसली नाही. थोडी दुखावली, आईबद्दल बोलले म्हणून. ते मला आवडलं.

जनावरांच्या डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा पुढे आहे. तिच्यातही फिजिक्स आहे. शालिनी झेंडू घेऊन मागे लागली, तर सोनिका म्हणाली, "आईसाहेब, देवीला एंट्रन्सचं नका विचारू. तिचा सिलॅबस वेगळा आहे." शालिनीला राग आला, पण तिने ती फुलं देवीला नुसतीच वाहिली, काही न विचारता. तेवढं तरी झालं.

काल मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. सोनिका कट्ट्यावर बसली होती, भुरा तिच्या पायाशी. पुस्तकातल्या ऑप्टिक्सच्या पानांवरचा रबर बँड तिने ओढून काढला आणि केस बांधायला वापरला. पानं इतके महिने दाबून राहिली होती की एकमेकांना चिकटली होती. फुंकर मारून मारून सोडवली. बराच वेळ वाचत होती. ओठ हलत होते, कपाळावर आठ्या.

"सोपं आहे का?" मी विचारलं.

"नाही हो, आजी. खरंच कठीण आहे. मला नाही वाटत मला येईल."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली, आणि पेन्सिलीने आकृती काढायला लागली. ती उलटीच होती बहुतेक. मला भिंगातलं काय कळतं.